साळूबाईची अट आणि माझा सायलेन्सर

माझी गाडी दोन हजार पाच सालची मारुती आठशे. रंग पांढरा, निदान आरसी बुकात तरी पांढरा. आमच्या नाते गावात तिला सगळे 'सोनबाचा ट्रॅक्टर' म्हणतात. सोनबा म्हणजे मी. तीस वर्षं महाड एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर होतो. पंपाला नुसता कान लावून बेअरिंग किती दिवस चालेल ते सांगायचो, आणि बहुतेक वेळा तेवढेच दिवस चालायचं. मी रिटायर झालो त्या दिवशी साहेबांनी भाषणात माझ्या हातांपेक्षा माझ्या कानांचीच जास्त तारीफ केली होती. अशा माणसाच्या गाडीच्या सायलेन्सरला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला, पत्र्यावर तार आणि तारेवर परत पत्रा. सकाळी गाडी सुरू केली की शेजारची म्हैस उठून उभी राहायची. माझी बायको तुळजा म्हणायची, कंपनीने तुम्हाला तीस वर्षं पगार कशाबद्दल दिला ते एकदा जाऊन विचारून यायला हवं.

सायलेन्सरचा हा गंज दोन हजार एकवीसच्या पुरातला. त्या आठवड्यात गाडी महाडला बाजारात, मेव्हण्याच्या दारात लावलेली होती. दीड दिवस ती टपापर्यंत पाण्यात होती. मग मी ती ओढून घरी आणली, हाताने चिखल काढला, इंजिन उघडून पुसलं, तेल बदललं आणि महिन्याभरात ती चालती केली. मेलेली गाडी कशी उठवली, हे मी नंतर कितीतरी लग्नांत पंगतीला बसून लोकांना ऐकवलं आहे. त्यात मी एक चूक करून ठेवली होती, पण ती मला फार उशिरा कळली. तिच्याकडे पुढे येतो.

आधी माझ्या बहिणीबद्दल. साळूबाई, आमची आक्का, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला कडेवर वागवलं. ती उमरठला दिली, तिथेच संसार केला, आणि नवरा गेल्यावर तिथेच एकटी राहते. मुलगा प्रवीण बोरिवलीला, एका खोलीत चार माणसं. आक्का आपलं रांधून खाते, परड्यात वाल लावते, आणि कुणी 'एकटी कशी गो राहतेस' असं विचारलं तर त्याला चहा न देता वाटेला लावते.

दर रविवारी मी तिच्याकडे जातो. नाते, महाड, पोलादपूर आणि मग उमरठ. तिचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला, वीसेक पायऱ्या चढून. घराखाली रस्त्याला ओढ्यावरची एक मोरी आहे, मोरीला लागून वळण, आणि वळण संपलं की चढ. त्या चढाला दुसरा गिअर टाकला की माझी गाडी असा काही आवाज करायची की समोरच्या डोंगरावर गुरं राखणारा माणूससुद्धा वळून बघायचा. मी गाडी खाली फणसाजवळ लावून पायऱ्या चढायला लागलो की वरून आक्काचा आवाज यायचा, "मोरीवरच दिसलास रे. आज तुळजाला नाय आणलंस?" मी अजून तिसऱ्या पायरीवर असायचो. अंगणात पोचेपर्यंत ओट्यावर कोरा चहा ओतलेला असायचा, वाफ निघत असायची. एकटा गेलो तर एक कप, तुळजा बरोबर असली तर दोन. कधी चुकलं नाही.

म्हणून तर तिच्या डोळ्यांची मला एवढी काळजी वाटली नाही. दोन वर्षांपूर्वी पोलादपूरला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे मीच तिला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, ऑपरेशन करून टाका; डाव्यात आत्ताच सुरुवात आहे, तो थांबू शकेल. आक्का म्हणाली, एक डोळा चालतोय ना, मग झालं. महाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्रवीणने मुंबईहून फोन करकरून दोनदा तारीख घेतली. पहिल्या वेळी आक्काची भातकापणी निघाली. दुसऱ्या वेळी भावकीत लग्न निघालं. मी तिला सांगून थकलो. ती म्हणायची, "तुज्या गाडीचा नंबर वाचू काय हितनं?" आणि खरोखर नंबर म्हणून दाखवायची. वीस वर्षं तोच नंबर आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिच्या अंगणात ओट्याच्या खांबापासून नळापर्यंत आणि तिथून न्हाणीपर्यंत सुंभाची दोरी बांधलेली होती, जेमतेम कमरेएवढी उंच. मी तिची थट्टा करायचो, की आक्का, एवढ्या खाली वाळत घातलेलं लुगडं मातीच पुसेल. वर बांधून देऊ का, असंही दोनदा विचारलं. ती म्हणाली, आता हात वर जात नाय. मला ते पटलं. वयच तसं होतं.

या डिसेंबरात प्रवीणने तिसरी तारीख घेतली, मंगळवारची. आणि या वेळी त्याने आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, की आता आली नाहीस तर मी सुट्टी टाकून येतो, घराला कुलूप लावतो आणि तुला बोरिवलीला घेऊन जातो. एका डोळ्यावर तुला डोंगरात एकटं ठेवून मला झोप लागत नाही, म्हणाला. पोरगा वाईट नाही. पण बोरिवलीच्या त्या खोलीत आक्का एकदा आठ दिवस राहून आली होती. परत आल्यावर अंगणात बसून नुसता श्वास घेत होती. तिला तिथे कायमची नेणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

त्या रविवारी मी गेलो तर आक्काने चहा पुढे केला आणि आपली अट सांगितली. मागे एकदा ती माझ्या गाडीतून पोलादपूरला आली होती, तेव्हा धुराने तिला वाटेत तीनदा ओकारी झाली होती, डोकं दोन दिवस धरलं होतं. "तुज्या गाडीत बसून डोळं करायला जायचं, तर डोळ्याच्या आधी मीच जाईन. आधी गाडी नीट कर. धूर नाय आला पायजे. मग येते." एसटीने जाऊ म्हटलं तर म्हणे, ऑपरेशन करून एसटीत धक्के खायचे काय? भाड्याची जीप करतो म्हटलं तर परक्याच्या गाडीत ओकू काय? सगळे रस्ते तिने आधीच बंद करून ठेवले होते.

तिचा डाव माझ्या लक्षात आला होता. चार वर्षं मी सायलेन्सर बदलतो बदलतो म्हणत होतो. आता मंगळवारच्या आत बदलणार नाही, असा तिचा हिशेब होता. मला राग आला. फिटर माणसाला असं कुणी गृहीत धरलेलं खपत नाही, आणि ते बरोबर असलं तर मुळीच खपत नाही. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हटलं, पुढच्या सोमवारी दुपारी तयार राहा.

गुरुवारी महाडला जाऊन सामान आणलं: मधला पाइप, मागचा डबा, जोडाचं पॅकिंग, टांगायचे रबर, नवे नट-बोल्ट. गॅरेजवाला म्हणाला, काका ठेवून जा, बुधवारी देतो. बुधवारी मला काय उपयोग. घरी आलो आणि कंपनीत शटडाऊनला करायचो तसा कागद घेऊन कामांची यादी केली. तुळजा म्हणाली, यादी करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. शनिवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी कधी गाडीखाली जात नाही. जुन्या घराच्या माळ्याचे किंजळाचे वासे होते, त्यांचे ठोकळे कापून चारी बाजूंनी दिले, गाडी हाताने हलवून बघितली आणि मग चावी काढून गळ्यात अडकवली. कंपनीत हा नियमच होता, की जो मशीनमध्ये शिरतो, त्याच्याच अंगावर चावी. तुळजा माझ्या गळ्यातल्या चावीकडे बघून म्हणाली, बरं झालं, आता दोघांच्याही गळ्यात काहीतरी आहे.

गोणपाट अंथरून पाठीवर खाली सरकलो. चार वर्षांत माझ्या गाडीच्या पोटाकडे मी असं निवांत बघितलंच नव्हतं. डब्याचा पत्रा हाताला लागला तसा पापडासारखा तुटून डोळ्यात गेला. तार कापली, पत्रे सोडले, तर आत मूळ पाइप असा राहिलाच नव्हता. माझ्या पत्र्यांचाच पाइप झाला होता. मागचे रबर ओढून काढले, डबा खाली घेतला. मधला पाइप करवतीने दोन तुकडे करून काढला. पुढच्या जोडाचे दोन बोल्ट राहिले. पहिला करकरत का होईना, फिरला. दुसऱ्याला पाना लावला, जरा जोर दिला, आणि हाताला ते हलकेपण जाणवलं जे फिटरला कधीच आवडत नाही. बोल्ट फिरला नव्हता. तुटला होता. अर्धा माझ्या हातात आणि अर्धा जोडाच्या कॉलरच्या आत.

मी खाली तसाच पडून राहिलो. तुळजाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिने वाकून बघितलं आणि आत जाऊन चहा केला. एवढ्या वर्षांत तिला माझं 'काही नाही' चांगलं कळतं.

तुटलेला बोल्ट ड्रिल मारून काढायचा होता, आणि दुपारी लाइट गेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. मग काय, हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बाकीचं खालचं बघून घ्यावं म्हणून बॅटरी घेऊन परत आत शिरलो. मागच्या सीटखालच्या पत्र्यावर प्रकाश टाकला आणि मला ते दिसलं. रुपयाएवढी दोन गोल भोकं. त्यांतून सीटची खालची बाजू दिसत होती.

ती भोकं गंजाची नव्हती. कंपनीनेच ठेवलेली असतात, पाणी काढायला. त्यांना रबरी बुचं असतात. पुरानंतर गाडीतलं पाणी काढायला ती बुचं मीच उपटली होती. पाणी गेलं, चिखल गेला, आणि बुचं परत लावायची मी विसरलो. महाडात त्या वर्षी गाड्या धुतलेल्या कितीजणांनी हेच केलं असेल, देव जाणे. फाटक्या सायलेन्सरचा धूर चार वर्षं थेट त्या भोकांतून वर येत होता, आणि बरोबर त्या भोकांवर, मागच्या सीटवर, मी माझ्या बहिणीला बसवलं होतं. ती ओकत होती तेव्हा मी पुढे बसून म्हणत होतो, आक्का, तुला गाडीची सवय नाही.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि तुळजाला हे सांगितलं. मला फार वाईट वाटलं होतं, ते तिला दिसलं असणार, कारण या वेळी तिने एकही टोमणा मारला नाही. बुचं कुठे असतील म्हणाली. मी म्हटलं, ती आता चिखलाबरोबर कुठे गेली असतील. तिने आत जाऊन एक डबा उपसला आणि दोन बुचं माझ्या हातावर ठेवली. पुराच्या वेळी गाडीतून काढलेल्या चिखलात तिला सापडली होती, कशाची तरी असतील म्हणून तिने धुऊन ठेवली होती. चार वर्षं ती मेथीदाण्याच्या डब्याशेजारी होती. मी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी लाइट आली. आधी बारीक ड्रिल, मग त्याहून जाड, असं करत तुटलेला बोल्ट पोखरून काढला. दंडात गोळे आले. आडवं पडून डोक्यावर ड्रिल धरायचं वय आता माझं नाही. पुढे काम सरळ होतं: पॅकिंग बसवलं, मधला पाइप तुळजाने मागून उचलून धरला, मी पुढे बोल्ट लावले, रबर अडकवले, डबा टांगला, सगळं एकदा ढिलं बसवून मग एकेक आवळत आलो. शेवटी बुचं दाबून बसवली आणि वरून सील लावलं.

कंपनीत जोड गळतोय का ते साबणाच्या पाण्याने बघायचो. गरम पाइपला ते चालत नाही. मी काय करावं म्हणत असतानाच तुळजाने देवघरातली उदबत्ती पेटवून आणली. मी आधी पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना ते बघितलं, मग गाडी सुरू केली आणि उदबत्ती प्रत्येक जोडापाशी धरली. धूर सरळ वर जात होता. एकाही जोडापाशी हलला नाही. तुळजा म्हणाली, "सुरू करा की आता." मी म्हटलं, सुरूच आहे गो. तिने बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घेतली. शेजारची म्हैस बसूनच होती.

त्या दिवशी मला किती बरं वाटलं सांगू. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच आपण अजून कामाचे आहोत असं वाटलं. जेवताना मी दोनदा उठून गाडी बघून आलो.

सोमवारी दुपारी एकटाच निघालो. तुळजा आक्कासाठी खाट, अंथरूण वगैरे करत घरी थांबली. पोलादपूरच्या पुढे रस्ता मोकळा होता. इतक्या वर्षांत त्या रस्त्याला पाखरं आहेत हे मला गाडीतून कधी ऐकू आलं नव्हतं. मोरीवर आलो, वळण घेतलं, दुसरा गिअर टाकला. गाडी हूं की चूं न करता चढली. माझ्या मनात पोरकटपणा आला. म्हटलं, आक्काला चकित करू. अट घालतेस काय, बघ. फणसाखाली गाडी उभी केली, दार न आपटता नुसतं लोटलं, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता पायऱ्या चढलो.

वरून हाक आली नाही. मला वाटलं, आत असेल.

ती आत नव्हती. ओट्यावर बसून वाल सोलत होती. तोंड रस्त्याकडेच. भिजलेला वाल दोन बोटांत धरायची, दाबायची, बिरडं एका पातेल्यात आणि साल खाली. मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. आमच्यात चार-पाच हातांचं अंतर असेल, दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मी दात काढून हसत उभा होतो.

तिने मान वर केली, माझ्याकडे सरळ बघितलं, आणि पुढचा वाल उचलला.

मला आधी वाटलं रुसली आहे. गाडी नीट झाली म्हणून आता जावं लागणार, त्याचा राग. मी डावीकडे सरकलो. तिची नजर होती तिथेच राहिली, मी आधी उभा होतो तिथे. माझ्या पायाखाली फणसाचं वाळलेलं पान मोडलं.

आक्काचे हात थांबले. तिने पातेलं छातीशी ओढून घेतलं. "कोण हाय?" म्हणाली. मग जरा मोठ्याने, "कोण हाय तिथं? बोलत का नाय?"

तिच्या आवाजात भीती होती. माझ्या बहिणीच्या आवाजात मी ती जन्मात ऐकली नव्हती.

माझी नजर त्या दोरीवर गेली. ओट्यापासून नळापर्यंत, नळापासून न्हाणीपर्यंत. मध्ये मध्ये ती हाताने घासून काळी, गुळगुळीत झाली होती. तिच्यावर कपडा एकही नव्हता. कधीच नसायचा, ते आत्ता आठवलं. मग बाकीचंही आठवलं. गाडीचा आवाज मोरीवर आला की चुलीवर आधण. एक दार वाजलं की सोनबा एकटा, दोन वाजली की तुळजा बरोबर. कितीतरी दिवस ती मला कानाने बघत होती, आणि कानांसाठी शाल-नारळ घेतलेला मी तिच्यासमोर बसून चहा पीत होतो.

"मी हाय आक्का. सोनबा."

तिने पातेलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "गाडी कुठं हाय?"

"आणली. खाली हाय."

"आवाज नाय आला."

"नीट केली ना," मी म्हटलं. "तूच बोललीस."

मी ओट्यावर तिच्याशेजारी जाऊन बसलो. आधी तिच्यावर रागावलो, कारण ते सोपं होतं. न्हाणीत घसरली असतीस तर, चुलीवर पदर पेटला असता तर, असं बरंच काही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला माझीच लाज वाटली. डावा डोळाही वर्षभरापूर्वीच गेला होता, असं तिने सांगितलं. उजेड-अंधार कळायचा, अगदी तोंडासमोर हात हलला तर सावली कळायची, तेवढंच. ऑपरेशनला नाही म्हणायची कारण दवाखान्यात गेलं की दोन्ही डोळ्यांचं बाहेर पडणार, आणि प्रवीणला कळणार. ऑपरेशन बिघडलं तर मग बोरिवलीच.

"ह्या घरात मला डोळं लागत नाय," ती म्हणाली. "हितं भिंत कुठं, चूल कुठं, मला पायाला ठावं हाय. तिकडं मी खरंच आंधळी व्हईन रे."

मी म्हटलं, डॉक्टरला सगळं सांगायचं, एक अक्षर लपवायचं नाही. प्रवीणला मात्र डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत मी काही सांगणार नाही. पट्टी सुटल्यावर तूच सांग. तिने माझा हात चाचपला, माझ्या बोटांवरचे ड्रिलचे फोड तिला लागले, आणि तिने विचारलं हे काय. मी म्हटलं, तुझी अट.

ती उठली. दोरी धरून न्हाणीत गेली, तोंड धुतलं, दोरी धरून परत आली. लुगडं बदललं, गाठोडं आधीच बांधलेलं होतं. म्हणजे यायचं तिच्याही मनात होतं. निघताना पायऱ्यांवर तिने माझा दंड धरला. याआधी कधी धरू दिला नव्हता.

तिला पुढच्या सीटवर बसवलं, काचा खाली केल्या. पोलादपूर येईपर्यंत ती ताठ बसून होती, वास घेत. एका चढावर म्हणाली, "चालू हाय ना रे?" महाडच्या अलीकडे तिला डुलकी लागली.

डॉक्टरांनी मंगळवारी तपासलं आणि मला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. अजून काही महिने गेले असते तर उजवा डोळा हातचा गेला असता म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. उजव्याचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं, डाव्याला पुढची तारीख मिळाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर तुळजा उभी होती. आक्काने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "केस केवढं पिकलं गो तुजं." तुळजा डोळे पुसत होती ती एकदम फुरंगटली.

प्रवीणला आक्काने स्वतः फोन केला. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता, आणि ही नुसती 'व्हय, व्हय' करत होती. शेवटी तिने सांगितलं, शिमग्याला ये, पोरांना घेऊन ये, मला बघायचीत. कुलुपाचा विषय निघाला नाही.

वीस दिवस आमच्याकडे राहून ती उमरठला परत गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखा निघालो. वाटेत मला एकच चिंता होती. आता गाडीला आवाज नाही, आक्का दचकायला नको. म्हणून मोरीवर पोचल्यावर मी मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला आणि फणसाखाली आल्यावर दारही चांगलं आपटलं.

पायऱ्या चढून वर आलो तर दोरी जागेवर नव्हती. ती वर, डोक्याच्याही वर बांधली होती, आणि तिच्यावर दोन लुगडी वाळत होती. आक्का अंगणाच्या कडेला, जिथून मोरी दिसते तिथे, डोळ्यांवर आडवा हात धरून उभी होती. हॉर्न कशाला वाजवतोस, मी काय बहिरी हाय, असं म्हणाली.

मी ओट्यावर जाऊन बसलो आणि सवयीने उजवीकडे हात नेला. तिथे कप नव्हता. चूलही विझलेली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी आक्काकडे बघितलं.

"चहा टाकायचा राहिला रे," ती म्हणाली. "तुला येताना बघत बसले."

मी म्हटलं, राहू दे, घाई काय आहे.